पोर्ट ऑफ स्पेनमधला बाक

बाबा, आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. जानेवारीत मी आणि आई ट्रिनिडादला, पोर्ट ऑफ स्पेनला जाणार आहोत. वाटेत लंडनला विमान बदलायचं आहे. त्या व्हिसाच्या अर्जासाठी आईचे जुने पासपोर्ट हवे होते.

२. गेल्या मंगळवारी मी कपाटातून कागदांची बॅग काढली. आईच्या पासपोर्टांखाली तुमचे दोन होते, एकमेकांना स्टेपल केलेले.

३. त्यातला जुना हा तुमचा पहिलाच पासपोर्ट, लग्नाच्या आधीपासूनचा. छत्तीस पानं. कुवेत आणि मुंबई सोडून एकही शिक्का नाही. पान फाटलेलं किंवा गळालेलं नाही, नंबर तपासले. दुसऱ्यातही तेच.

४. शुक्रवारी मी पुण्याला काकांना फोन केला. तेच काका, जे इथे कुवेतच्या ऑफिसात तुमच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. अकरा मिनिटं बोलणं झालं.

५. पोर्ट ऑफ स्पेनला ते गेले होते. तुम्ही गेला नव्हता.

६. आईला हे माहीत नाही.

तुम्ही वारलात तेव्हा मी बारा वर्षांची होते, आता एकोणतीस वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दलचं माझं मत फारसं बदललं नाही, कारण बदलण्यासारखी नवी माहितीच येत नव्हती. आता आली आहे. मला राग आला आहे आणि तो कमी करून लिहायची माझी इच्छा नाही.

इथल्या, कुवेतमधल्या मंगफच्या जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. शुक्रवार सकाळ, सुट्टी. तुम्ही हळद घातलेला मैदा भिजवून ठेवला आहे. दोन छोट्या पुऱ्या तळून कागदावर ठेवता, वर पातळसर छोले, काकडीची चटणी, आणि मला विचारता, "बोला बाई, तिखट किती?" तिथला गाडीवाला असंच विचारतो म्हणे. मी म्हणते, "थोडंसं." मग तुम्ही सांगायला लागता. मधोमध मोठं मैदान, इतकं मोठं की भोवती चालत फिरायला तास लागतो. मैदानापलीकडे हिरवे डोंगर. संध्याकाळी पाऊस येतो, दहा मिनिटांत थांबतो, आणि लोक काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालायला लागतात. तुम्ही मैदानाच्या कडेला एका बाकावर बसलेले, समोर डोंगर, पाठीमागे बंदराकडे उतरणारा रस्ता. त्या बाकाची एक फळी सैल होती. बसलं की कुरकुरायची. तुम्ही खुर्ची मागेपुढे करून तो आवाजही काढून दाखवायचात.

मी हे शाळेत निबंधात लिहिलं. कॉलेजच्या मुलाखतीत सांगितलं. माझे वडील अमोनियाच्या प्लान्टसाठी सहा आठवडे ट्रिनिडादला होते, हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं याची नोंद माझ्याकडे नाही.

आणि त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला एकदा बोललात, ते मी विसरलेले नाही. पाचवीत होते. गरम पाणी दर दोन मिनिटांनी किती थंड होतं ते मोजून आणायचं होतं. मी पहिली तीन मापं घेतली, बाकीची अंदाजाने भरली, कारण मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. तुम्ही वही पाहिलीत. "ही रांग फार सरळ आहे. पाणी इतक्या शिस्तीत थंड होत नाही." मी रडायला लागले तरी तुम्ही पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलंत. "जे तू पाहिलं नाहीस ते तू लिहायचं नाहीस. एवढं साधं आहे." मी चाळीस मिनिटं थर्मामीटर धरून उभी राहिले आणि वाढदिवस हुकला. आज मी पाइपांच्या भिंतींची जाडी मोजते. एकेका पाइपावर दोनशे जागा असतात, उन्हाळ्यात बाहेर उभं राहवत नाही, आणि तरी मी एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. प्लान्टमधले लोक यावरून माझी चेष्टा करतात. ही सवय मी कुणाकडून घेतली ते तुम्हाला माहीत आहे. मला हे विचारायचं आहे की ते वाक्य बोलताना तुम्हाला काहीच वाटलं नाही का? पुढच्याच शुक्रवारी पुऱ्या तळत तुम्ही पुन्हा त्या बाकावर जाऊन बसलात.

काका फोनवर खुशीत होते. त्यांना वाटलं मी सहज विचारते आहे.

"अगं, दोघांची नावं होती. तिकीट एकाचं. मॅनेजर म्हणाला, हा लिहितो चांगलं, याला इथेच ठेवा, सगळ्यांचे रिपोर्ट अडतील. मग मला पाठवलं. मला कुठे धड लिहिता येत होतं? परत आल्यावर तुझ्या बाबानेच माझा रिपोर्ट लिहिला."

"तुमच्या नावाने?"

"मग काय त्याच्या नावाने? गेलो मी होतो ना. पण काय छळ केला त्याने माझा! कंप्रेसरचं झालं की म्हणायचा, नाश्त्याला काय होतं? चटणी कसली? गेस्ट हाऊसच्या भिंतीचा रंग काय? मी म्हटलं, अरे बाबा, कंप्रेसरच्या रिपोर्टमध्ये भिंतीचा रंग कशाला? तर म्हणतो, तू सांग रे. चार दिवस पोलिसासारखा समोर बसून होता." मग ते हसले. "तो रिपोर्ट वाचून मॅनेजर मला म्हणाला, तुझी नजर चांगली आहे. नंतर दोनदा मलाच पाठवलं."

हे सांगताना त्यांना जराही अवघडल्यासारखं वाटलं नाही. मला वाटलं. चांगलं लिहितो म्हणून एका माणसाला टेबलाशी बांधून ठेवायचं, त्याच्याकडून दुसऱ्याने पाहिलेलं लिहून घ्यायचं, आणि वर त्या दुसऱ्याच्या नजरेचं कौतुक करायचं. तुम्ही त्यावर काही बोलल्याचं काकांना आठवत नाही. मॅनेजरला एक शब्द नाही, काकांना एक शब्द नाही. जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलात, आणि ज्यांनी तुमचं सगळं खरं मानलं असतं त्या आम्हा दोघींसमोर बोललात.

आईचं तर याहून वाईट आहे. नाशिकला तुम्ही तिला बघायला आलात, त्याआधी चारजण येऊन गेले होते. तिने मला अनेकदा सांगितलं आहे, चौघंही पगार आणि फ्लॅट यांबद्दलच बोलले. तुम्ही एकटेच असे की त्या मैदानाबद्दल आणि दहा मिनिटांच्या पावसाबद्दल बोललात. "मी म्हटलं, जो माणूस परदेशात जाऊन बाकावर बसून लोक बघतो, तो मला घरात त्रास देणार नाही." तिने होकार दिला तो या एका गोष्टीवर. तिने तिची अट नीट तपासली होती बाबा. माहिती तुम्ही चुकीची दिलीत.

आता तिची तयारी जोरात सुरू आहे. शाळेतून आली की वही उघडून बसते. पस्तीस वर्षं मुलांना शिकवून तिला यादीशिवाय काही सुचत नाही.

"तिकडे शाल लागेल का गं?"

"आई, जानेवारीतही तिथे उकडतं. थंडी इथे."

"बरं. आणि तो पुऱ्यावाला. त्याला विचारूया, ह्यांना ओळखत होता का."

"तीस वर्षं झाली."

"मग काय झालं? आपला फहाहीलचा भाजीवाला मला पंचवीस वर्षं ओळखतो." मग पेन ठेवून म्हणाली, "हे बघ, मी काही देश बघायला नाही चाललेय. मला त्या बाकावर बसायचंय. मिळाला तर तोच, नाहीतर त्या जागी जो असेल तो. बाकी तू काय दाखवशील ते बघेन." तिचे गुडघे दुखतात. नाशिक सोडून ती आजवर कुठेही फिरायला गेलेली नाही. मी सांगितलं तर ती ओरडणार नाही, वही मिटेल आणि पुन्हा या प्रवासाचं नाव काढणार नाही. नाही सांगितलं तर मला तिच्या शेजारी बसून तुमच्या आठवणी ऐकाव्या लागतील, आणि मान डोलवावी लागेल.

नेटवर उपग्रहाने काढलेले फोटो उघडून मी तुमचं वर्णन तपासलं. मैदान, डोंगर, बंदराकडे उतरणारा रस्ता, सगळं बरोबर निघालं. याचाच मला जास्त संताप आला. खोटं बोलायचंच होतं तर एखादी तरी चूक करायची, मग मला लहानपणीच शंका आली असती.

बाकाबद्दल मी काकांना शेवटी विचारलं.

"बाक? मी कसला बसतोय! मी प्लान्टवरून आलो की एसी लावून झोपायचो. मैदान गाडीतून बघितलं तेवढंच. तुझ्या बाबाने विचारलं, बसायला काय आहे तिथे? मी म्हटलं, असतील बाक. म्हणाला, तू कुठल्या बाकावर बसलास? मी म्हटलं, मी नाही बसलो. तर लिहिता लिहिता काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, 'बरं, मग मी बसतो.'"

मी काकांचे आभार मानून फोन ठेवला.

सगळ्या सांगण्यात तेवढी एकच गोष्ट तुमची होती, आणि आईला नेमकी तीच हवी आहे. मला तुमची कीव करायची नाही. तुम्ही आम्हाला खरं सांगू शकला असतात. "मला पाठवलं नाही," एवढं एक वाक्य. आई त्यावरही हो म्हणाली असती असं मला वाटतं, पण ती संधी तुम्ही तिला दिली नाहीत, आणि आता ती देण्याचं काम माझ्यावर आलं आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे मला समजतं. तरी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती खरी आहे. रविवारी मी रजेचा अर्ज भरला. जानेवारीत प्लान्टची मोठी दुरुस्ती असते, साध्या कारणाला रजा मिळत नाही. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "वडिलांनी जिथे काम केलं ते शहर आईला दाखवणे." मॅनेजरने सही केली, वर म्हणाला, चांगली मुलगी आहेस. त्या दिवशी काकांशी बोलून दोन दिवस झाले होते.

एजंटने सीट गुरुवारी दुपारी दोनपर्यंत धरून ठेवल्या आहेत. आईला सांगायचं की नाही, याचं उत्तर मला बुधवार संध्याकाळपर्यंत हवं आहे. कृपया कळवा.