बाबांनी केलेले नऊ गोल

बाळकुम, शनिवार संध्याकाळ

धुळ्याच्या फ्लाइंग स्कूलचे नऊ महिने आज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडले. आधी कमर्शियल लायसन्स, मग तिथेच थांबून इन्स्ट्रक्टरचं रेटिंग. रोज उड्डाण. एक दिवस चुकला की पुढचं सगळं सरकतं, म्हणून एकही दिवस मोकळा ठेवला नाही.

चहा घेऊन आले तर बाबा त्यावर पेन्सिलीने गोल करत बसलेले. नऊ गोल. सगळ्या अमावास्या.

"या दिशी इमान नाय उडवायचं, बाय."

मी सांगून टाकलं, त्या दिवशी फक्त वर्गात शिकवतात. धडधडीत खोटं. का बोलले? वाद नको म्हणून? की ऐन वेळी जाऊच नको म्हणतील म्हणून? उद्या दुसऱ्यांना विमान शिकवणार मी, आणि घरात थापा मारतेय. दिवसभर ते नऊ गोल डोळ्यांसमोरून हलेनात.

शेवटी मघाशी ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि बाबांना खरं सांगितलं. अमावास्येलाही उडावं लागेल, परीक्षासुद्धा त्याच दिवशी येऊ शकते.

बाबा वाल सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाव हाय मना. दुपारीच फोन करून इचारलं तिकरं."

"मग गोल का नाही खोडले?"

"त्या दिशी मी येनार धुल्याला. तू खाली उतरंपरत बसून रहीन."

एवढे गुडघे दुखतात, आणि नऊ वेळा धुळं.

खोडरबर परत ड्रॉवरमध्ये टाकला. एसटीच्या वेळा बघायला हव्यात. बाबांना खिडकीची सीट लागते.