तीन नंबरचं बेअरिंग

३ ऑगस्ट
दुरुस्तीचा तक्ता झाला! सरकी काढायची सहा जिन मशीनं, प्रत्येकाला दोन दिवस, कापूस यायच्या आत सगळी तयार. महिनाभर डोळे फोडले. भिंतीवर लावला, तर तासाभरात कुणीतरी त्याला टेकून चहा प्यायलं. पाठीचा तेलकट डाग उमटलाय.

सगळ्यात निकडीचं तीन नंबर. गेल्या हंगामापासून बेअरिंग तापतंय. एक ठिणगी, की रुईचा भडका — हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते मशीन ओयनिसा चालवते. अख्ख्या कारखान्यात कामाचं माणूस तेवढं एकच.

७ ऑगस्ट
आज तीन नंबरचा दिवस. एक फिटर जागेवर नाही! कुणाच्या तरी नातवाची सुंता, म्हणून पहाटे पाचला पुलावाला गेलेले पुरुष दहाला ढेकर देत परत. मुख्य इंजिनियर सोबिर-अका दात काढून म्हणाले, "पोरी, मशीन काय पळून जातंय? पुलाव मात्र गार होतो." अकलेचे कांदे सगळे.

११ ऑगस्ट
आजही नाही. आज लग्नाचा पुलाव.

१४ ऑगस्ट
अखेर हमदाम-अका नवं बेअरिंग घेऊन उगवले. चाळीस वर्षं फिटर, वाचण्याच्या नावानं बोंब. तक्त्यासमोर नुसते उभे. मग विचारतात, "पोरी, तीन नंबर कुठून मोजायचं?"

मी मानही वर केली नाही. म्हटलं, "शाळेत मोजतात तसं. एक, दोन, तीन." बाकीचे फिटर खो-खो हसले. म्हातारा कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला. बरं वाटलं!

१५ ऑगस्ट
तीन नंबर झालं. हमदाम-अकांनी सही केली — सही कसली, कोंबडीचा पाय. मी हिरवी खूण केली.

२९ ऑगस्ट
प्रांताचे साहेब येऊन गेले. म्हणाले, असा तक्ता दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाहिला नाही. सोबिर-अकांनी लगेच छाती फुगवली. आयत्या बिळावर नागोबा!

१० सप्टेंबर
ओयनिसा मला ताई या अर्थी ओपा म्हणते. आज म्हणाली, ओपा, तीन नंबरला हात लाववत नाही. नवं बेअरिंग आणि तापतं? जाऊन पाहिलं. जुनंच आहे!

मग कळलं. हे जुने लोक जिन आतल्या टोकाच्या चहाच्या समोवाराकडून मोजतात. चिनी मशीनं आली तेव्हा नंबर फाटकाकडून पडले, पण यांनी मोजणं बदललं नाही. यांचं तीन ते माझं चार. नवं बेअरिंग चारला बसलंय. ढ कुठले!

लाईन थांबवायची तर सोबिर-अकांना सांगायला हवं. ते हमदाम-अकांना बोलावणार. आणि म्हातारा सगळ्यांसमोर सांगणार, मी विचारलं होतं. त्यावर हिनं काय उत्तर दिलं तेही सांगणार. नको. रविवारी सफाईसाठी लाईन बंदच आहे, तेव्हा गुपचूप बदलून घेईन. तीनच दिवसांचा प्रश्न आहे.

ओयनिसाला म्हटलं, नवं आहे, बसायला वेळ लागतो.

१२ सप्टेंबर
तीन नंबर पेटलं. ओयनिसाचे दोन्ही हात गेले, चेहराही भाजलाय. जगेल म्हणतात.

चौकशीला तक्ता काढला. हमदाम-अका म्हणाले, "मी बदललं होतं." पण जळालेलं बेअरिंग जुनंच निघालं, कुणी विश्वास ठेवला नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग चौकशीवाल्यांनी मला विचारलं, तक्त्यात काही चूक आहे का.

मी म्हटलं, तक्ता बरोबर आहे.