होडी पाण्यावरच का कुरकुरते

कासारवाडी,
९ फेब्रुवारी

आदरणीय भीमराजदादा,

सप्रेम जय भीम. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. तुझा खोकला गेला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व ठीक. प्रभावतीची साखर आटोक्यात आहे. माझी नाही, पण घरात आम्ही तिचीच मोजतो, त्यामुळे वातावरण चांगले आहे. फोन सोडून पत्र कशाला, असे तू म्हणशील. पत्रात समोरचा मधे बोलत नाही, आणि ही हकीकत कुणी मधे बोलले तर माझ्याच्याने पुरी होणार नाही.

निवृत्त होऊन तीन वर्षे झाली तरी चाकणच्या कंपनीने मला सोडलेले नाही, हे तुला ठाऊक आहे. तयार गाडी बाहेर पडण्याआधी खडबडीत रस्त्यावर फिरवतात. मी आत डोळे मिटून बसतो आणि कुठे काय वाजते ते सांगतो. चौतीस वर्षे हाच धंदा. तिथे माझे नाव बुद्धरत्न ओव्हाळ नाही. 'कान' आहे. (गेटवरचा पहारेकरी आत फोन करून सांगतो, 'कान आलेत, सोडू का?') आवाजांची यादी मीच केली, आणि मराठीत केली. करकर म्हणजे लाकूड किंवा चामडे. किरकिर म्हणजे सुकलेले रबर. कुईकुई म्हणजे दोन हलक्या वस्तू एकमेकींना घासताहेत. खुळखुळ म्हणजे कुणीतरी आत नट विसरला आहे. परदेशातून आलेला एक साहेब जाताना 'खुलखुल' एवढे शिकून गेला. मला वाटते, ही माझी वाङ्मयसेवा.

यंदा कंपनीला आवाज पकडणारे यंत्र घ्यायचे होते. यंत्र की कान, हा निर्णय मोठ्या साहेबांनी कुलदीपवर टाकला. कुलदीप माझ्या हाताखाली तयार झालेला इंजिनिअर, चाकणचाच, घरची शेती. माणूस सरळ आहे. तो म्हणाला, "सर, मला फक्त एक कारण द्या, मी वरती भांडतो." तेव्हा मी त्याला होडीवर बोलावले. म्हटले, मोटारीत काय, कुणीही ऐकेल. पाण्यावर ऐकून दाखवतो. हे वाक्य मी का बोललो याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला आहे.

होडीची गोष्ट तुला लिहायची राहिली. आमचा एक इंजिनिअर चेन्नईला परत जाताना ती माझ्या गळ्यात घालून गेला. चौदा फूट लाकूड, एक डोलकाठी, एक शीड. पवना धरणाच्या काठावर असते, आणि काठावरच्या गावचा सोनबा तिची राखण करतो. शीड कसे सोडायचे हे मला त्यानेच शिकवले. गुंडाळायचे कसे, हे मी अजून शिकतो आहे.

दिवाळीनंतर प्रभावती पहिल्यांदा बसली आणि पाच मिनिटांत म्हणाली, "अहो, काहीतरी वाजतंय." मी हात वर करून सर्वांना गप्प केले (सर्व म्हणजे ती आणि सोनबा), डोळे मिटले, आणि सांगितले, डोलकाठीचे बूड. पुढच्या रविवारी बुडाला ग्रीस घातले. आवाज तसाच. मग मी सांगितले, सुकाणूच्या बिजागऱ्या. त्या उतरवून बसवल्या. आवाज तसाच. मग बसायची फळी. फळीखाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या चिकटवल्या, तेवढ्याने प्रभावतीची बसायची सोय सुधारली.

आवाजाला नाव काय द्यायचे, यावरही एकमत होईना. सोनबा म्हणे करकर, प्रभावती म्हणे कुईकुई. मी दोघांना बजावले की आधी शब्द ठरवा, शब्द चुकला की दुरुस्ती चुकते. सोनबा म्हणाला, "सायेब, शब्द तुमीच ठरवा. आमी निस्तं आइकतो." काठावर होडी ओढून मी तिला रबरी हातोडीने सगळीकडून ठोकली. काठावर ती मुकी. पाण्यात ढकलली की सुरू. बरे, मी पुढे गेलो की आवाज पुढे यायचा, मागे गेलो की मागे. आणि मी श्वास रोखून लक्ष दिले की प्रभावती सांगायची, "आता थांबला बघा." यावरून मी असा निष्कर्ष काढला की होडी मला घाबरते.

शेवटी मी कंपनीची रीत वापरली. कंपनीत प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळतात आणि आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतात. मी कपाटातला टॉर्कचा पाना नेला आणि होडीतला एकूण एक बोल्ट मोटारीच्या हिशोबाने आवळला, प्रत्येकावर पिवळी रेघ मारली. होडी हळद लागल्यासारखी दिसू लागली. पाण्यात घातल्यावर तळाच्या दोन फळ्यांमधून बोटभर धार आत आली. प्रभावतीने डबा रिकामा करून पाणी उपसले (डब्यात थालीपीठ होते, ते मासे घेऊन गेले). सोनबा नुसता बघत होता. मग म्हणाला, "सायेब, होडी हाय ती, मोटार न्हाई. लाकडाला हलाया जागा लागती. समदं आवळलं की फाटतंय." मी रेघा खरवडल्या आणि सगळे बोल्ट अर्धा फेरा सैल केले. आवाजाला या सर्वाचे काही वाटले नाही.

अशा अवस्थेत गेल्या रविवारी कुलदीप आला. वारा बेताचा होता. धरणाच्या मधोमध पोहोचेपर्यंत त्यालाही आवाज ऐकू आला. वही काढून तो माझ्याकडे बघू लागला. एक वर्षाची नोकरी आणि चौतीस वर्षांचे नाव त्या वहीत होते. मी आत्मविश्वासाने पुढच्या टोकाच्या पोकळीत शिरलो. कमरेपर्यंत शिरलो आणि अडकलो. पाय बाहेर, कान आत. मी ओरडून सांगितले की मूळ इथेच आहे.

बाहेरून प्रभावतीने माझा पाय थोपटला.

"अहो, श्वास घ्या जरा मोठा."

मी घेतला.

"सोडा. परत घ्या. सोडा." मग ती म्हणाली, "वाजताय ते तुम्हीच."

पाय धरून मला बाहेर काढण्यात आले. दादा, माझ्या पोटावर तयार लाइफ जॅकेट बसत नाही. म्हणून मी एक जुने जॅकेट उसवून त्यात कंपनीच्या पार्सलांमधले थर्माकोलचे जाड तुकडे भरले होते आणि वरून शिवून घेतले होते. श्वास घेतला की तुकडा तुकड्यावर घासत होता. काठावर मी जॅकेट काढून ठेवतो, म्हणून होडी काठावर मुकी. श्वास रोखला की आवाज बंद. माझ्या कानाखाली चार बोटांवर तीन महिने हे चालू होते, आणि मी सुकाणू उतरवत होतो. कुईकुई, दोन हलक्या वस्तू. यादी माझीच.

सोनबाने तोंड पलीकडे फिरवले, पण त्याची पाठ हसत होती. कुलदीप मात्र माझ्याकडे भारावून बघत होता. "सर," तो म्हणाला, "मुद्दाम ठेवलं होतं ना? आम्ही सगळे होडी बघत बसलो, आणि तुम्ही..." इथे सभ्य माणसाने नाही म्हणायचे असते. मी त्याला विचारले, "तुझ्या कधी लक्षात आलं?"

"उशिराच, सर," तो म्हणाला.

बुधवारी त्याने वर कळवले की यंत्र आवाज पकडेल, पण कुठे बघू नये हे ओव्हाळ सरच शिकवू शकतात. मला आणखी एक वर्ष मिळाले आहे. प्रभावतीने पेढे आणले नाहीत. तुला तरी कळवावे म्हणून लिहिले.

वहिनींना जय भीम. पिंकीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
बुद्धरत्न

ता. क. मूळ गोष्ट लिहायची राहिली. तो आवाज मी ऐकलाच नाही. एकदाही नाही. मोठ्याने बोललेले कळते, बारीक आवाज गेले आहेत. डोलकाठी म्हणालो, कारण प्रभावती डोलकाठीकडे बघत होती. सुकाणू म्हणालो, कारण सोनबा तिकडे बघत होता. कंपनीत डोळे मिटून बसावे लागते, तिथे कुणाच्या नजरेवरून ओळखायचीही सोय नाही. जुलैपासून मला सगळ्या गाड्या शांत वाटतात. जुलैपासून मी एकही गाडी परत पाठवलेली नाही. कंपनीची समजूत अशी की दर्जा सुधारला. प्रजासत्ताक दिनी मला शाल दिली. तू गेल्या वर्षी कानात जे यंत्र बसवून घेतलेस, ते कुठल्या दुकानातले? टोपीखाली दिसते का? शिट्टी मारते का? ते बसले की कुलदीपला मी स्वतः सगळे सांगणार आहे. आधी सांगायचा धीर नाही, आणि तो हळू काही म्हणाला तर मला ते धड ऐकूही यायचे नाही.

ता. क. दुसरे. पिंकीने आमच्या कंपनीची गाडी ठरवली, आणि 'काकाने तपासलेली गाडी, डोळे झाकून घेणार' असे ती म्हणाली, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचले. तिला सांग, ताबा घेण्याआधी गाडी स्वतः चालवून बघ, खराब रस्त्यावरून, काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून. जरा जरी वाजली तरी घेऊ नको म्हणावे. दुकानदाराने कारण विचारले तर माझे नाव सांगायला हरकत नाही.