फिका, गडद आणि माझी जीभ

३ मे, सकाळी ७
वहिनी आठवडाभर लेकीकडे गेल्या. त्यांच्या मधमाश्यांच्या मधाचे दोन मोठे डबे माझ्या ताब्यात. एक फिका, एक गडद. दोन्हींचं मिश्रण शनिवारी दुकानदार चाखणार. पसंत पडलं तर कायमची ऑर्डर. वहिनींनी जाताना बजावलं, भावजी, वाटीत चमच्याने करून बघा, डब्यांना हात लावू नका. फिका बेकरीवालीला कबूल केलाय आणि तो वर्षातून एकदाच निघतो. म्हटलं, निर्धास्त जा. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी माझ्यावर काही सोपवलंय. करून दाखवणार!

४ मे
वाटीत जमलं. एकदम बॅलन्स्ड! प्रमाण लिहिलं नाही. गरज नाही, जीभ लक्षात ठेवते.

५ मे
काल जमलेलं आज जमेना. दोष वाटीचा. एवढ्याशा वाटीत मधाला मोकळेपणा मिळत नाही. मोठं पातेलं घेतलं.
संकल्प: घाई करायची नाही.

६ मे, दुपारी
कडवट झालं. फिका ओतला. मिळमिळीत झालं. गडद ओतला. पुन्हा कडवट. ही म्हणाली, अहो, पुरे आता. हिला फ्लेवरमधलं काय कळतंय, डोंबल! पातेलं भरलं. बादली आणली.

६ मे, संध्याकाळी
जीभ बधिर. सगळंच सारखं लागतंय. म्हणजे बॅलन्स जवळ आलाय.

७ मे
काहीतरी कमी पडतंय. वैताग! काय ते कळत नाही, पण पडतंय. बादलीही पुरेना, म्हणून सगळं फिक्याच्या डब्यात ओतलं. तो तसाही अर्ध्यावर आला होता.

८ मे
गडद संपला. फिका संपला म्हणता येणार नाही. मिसळला.

९ मे, शनिवार
दुकानदाराने बोट बुडवून चाखलं. म्हणाला, चांगलाय की, साधा मध आहे, असा आमच्याकडे पडून आहे. गाढव!
दुपारी वहिनी आल्या. दोन्ही डबे उघडून पाहिले. मी प्रयोगाचं महत्त्व समजावायला लागलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बेकरीवालीला आता काय सांगू, एवढंच विचारलं.

१० मे
बेकरीवालीकडे मीच जाऊन सांगतो म्हटलं. चपलाही घातल्या. वहिनी म्हणाल्या, नको भावजी, तुम्ही बसा.
बसलोय.