रात्रीची बाही

आप्पा, काल दुपारी पुण्याहून माझी रात्रीची बाही आली. खोकं उघडलं आणि मी तुमच्यावर इतकी चिडले की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणू देत. तुम्ही होता तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, मग चिडायचं तरी कधी?

आधी माझं सांगते, कारण तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. गेल्या वर्षी माझं आईसारखंच छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं. बाजूसुद्धा तीच, उजवी. काखेतल्या गाठी काढल्या. सहा महिन्यांनी हात जड वाटायला लागला आणि एके दिवशी बांगडी निघेना. साबण लावून, ओढूनताढून ती काढली आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन शिरूरच्या स्टँडवरून पुण्याची एसटी धरली. कुणी सांगायची वाट बघितली नाही. तसा सुजलेला हात मी आईचा पाहिला होता.

तिथल्या फिजिओ मॅडम माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी न कंटाळता समजावलं. गाठी काढल्या की हातातलं पाणी वर चढायची वाट अडते आणि ते साचत जातं. दिवसा, कामाच्या वेळी, घट्ट ताणाची बाही घालायची. झोपताना ती काढायची, कारण हात निवांत असतो तेव्हा तो ताण त्याला सोसत नाही. रात्रीची बाही वेगळी असते. आतून फोमची, गोधडीसारखी उभी-आडवी टाचलेली, तळहातापासून दंडापर्यंत. तिचा दाब हलका, आणि तोही मनगटाशी जास्त, वर कमी. "आणि काकू, दंडाला कधीच आवळायचं नाही," त्या म्हणाल्या. "वरचं दारच बंद केलं तर पाणी जाणार कुठून?"

मी मान डोलावत होते. डोळ्यांपुढे मात्र तुमचं ते खाकी ड्रिलचं जाड कापड होतं.

दौंडच्या स्टेशनरोडवरचं आपलं दुकान. भिंतीला टीसी लोकांचे काळे कोट टांगलेत, गार्डांच्या पांढऱ्या पँटी इस्त्री करून ठेवल्यात. आई एरवी ताठ चालणारी बाई, ती पुण्याच्या दवाखान्यातून येऊन कट्ट्यावर वाकून बसलीय. तिच्या हातात चिठ्ठी आहे. हाताला दाबाची बाही घ्या, कुठं मिळेल, कधी घालायची, कधी काढायची, सगळं तिच्यावर लिहिलंय. तुम्ही चष्मा चढवून पहिली ओळ वाचता, चिठ्ठीची घडी घालता आणि मशीनच्या खणात बॉबिनांवर टाकता. "मी शिंपी हाय," तुम्ही म्हणता. "माझ्या बायकुच्या हाताला बाही बाहेरनं आणू? लोकं काय म्हंतील? म्हंतील, ह्याला साधी बाही बेतता येत न्हाई."

ती चिठ्ठी तुम्ही खालपर्यंत वाचली असती तर, आप्पा. फक्त खालपर्यंत.

तुम्ही त्या खाकी कापडाची बाही शिवलीत, आणि झकास शिवलीत, हेच तर दुःख आहे. आतून आईच्या जुन्या पातळाचं मऊ अस्तर, एक टाका वाकडा नाही. मापं मात्र तीनच घेतलीत: लांबी, दंड आणि मोहरी, म्हणजे बाहीचं खालचं तोंड. ब्लाऊजला घेतात तीच. माझ्या हाताची मापं मॅडमनी सकाळच्या वेळी, मनगटापासून चार-चार बोटांवर, किती ठिकाणी घेतली याची मोजदाद मी सोडून दिली. तुम्ही शिंप्याच्या हिशेबानं मोहरी सैल ठेवलीत, म्हणजे हात सुखानं आत जाईल, आणि दंडाला नेफा करून नाडी ओवलीत, म्हणजे बाही खाली घसरणार नाही. "बाही घसरली की शिंप्याची आब्रू गेली," असं म्हणत तुम्ही ती आईला दाखवलीत. जिथं सैल हवं तिथं घट्ट, आणि जिथं घट्ट हवं तिथं सैल. वर आणखी शहाणपण म्हणजे ती रात्रीच घालायची, दिवसा नाही, कारण दिवसा दुकानात बायका ब्लाऊज टाकायला येतात. त्यांना दिसायला नको. दिवसभर पदराखाली उघडा हात आणि झोपताना दंडाला फास. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुमचं आवडतं वाक्य. आईची मूठ दोन महिन्यांत वळायचीच बंद झाली.

बोटं टम्म फुगली. बांगड्या कासाराकडून कापून घ्याव्या लागल्या. मग हात लाल होऊन ताप भरायला लागला, वर्षातून तीनदा, आणि दर वेळी तुम्ही म्हणायचात, "हवा बदलली." मी एकदाच बोलले होते. म्हटलं, "आप्पा, आईची बोटं निळी पडत्यात, बाही वर लई घट्ट हाय." तुम्ही कात्री खाली ठेवलीत आणि गिऱ्हाईकासमोर म्हणालात, "तू मला शिवान शिकीवतीस व्हय?" गिऱ्हाईक हसलं. मी अकरावीत होते. त्यानंतर मी त्या विषयावर तुमच्याशी कधी बोलले नाही.

आई त्या बाहीमुळे गेली नाही. मूळ दुखणं उलटलं आणि गेली, एवढं मला समजतं. पण शेवटची दोन वर्षं तिनं डाव्या हातानं भाकरी थापली. कडेला जाड, मधे फाटलेली. तुम्ही ती ताटात बघून म्हणायचात, "आज भाकर अशी का झाली?" आणि ती म्हणायची, "पीठच तसं हाय." तुमची अब्रू तिनं तिच्या भाकरीवर निभावून नेली. याचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही.

तर माझी बाही. मॅडमनी टेबलावर तीन प्रकार मांडले. एक म्हणजे रोज झोपताना पट्ट्या गुंडाळायच्या, पण त्याला दुसऱ्या माणसाचे हात लागतात. दुसरी ओढून चढवायची, फोमची, छान मऊ, पण तीही कुणीतरी खेचून नीट बसवली तर बरं. तिसरी थोडी महाग आणि बोजड, पण तिला वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या. डाव्या हातानं आपली आपण लावता येते, सैल करता येते. दुसरी मला बसत होती, उन्हाळ्यात सोसेल अशीही होती. लेक पटकन म्हणाली, "आई, हीच घे. मी रोज घालून देत जाईन ना."

मी मॅडमसमोर तिच्यावर ओरडले, "तू माझ्या हाताला हात लावायचा नाहीस." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी तिसरी बाही मागवली. शिक्रापूर येईपर्यंत लेक एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होती, आणि मी तिला काही सांगू शकले नाही. घरी आल्यावरही नाही. तुम्हाला सांगते.

ती खाकी बाही शिवली तुम्ही, पण नाडी रोज मी ओढायचे. जेवणं झाली की तुम्ही बाहेर ओट्यावर विडी ओढत बसायचात. आई उशीवर हात ठेवायची आणि मी खाटेच्या पायाला पाय लावून नाडी खेचायचे. ती म्हणायची, "वाईच सैल कर गं, बोटास्नी मुंग्या येत्यात." मी म्हणायचे, "आप्पांनी सांगितलंय." तुम्ही आत येऊन कधीच बघितलं नाही. मी दोन बोटं सैल सोडली असती तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. तुमची भीती होती, ते खरं. पण तिच्या कण्हण्याचा मला कंटाळाही आला होता. एकदा दुसऱ्या दिवशी पेपर होता आणि ती तेच तेच म्हणत राहिली, तेव्हा मी नाडी मुद्दाम आणखी ओढून गाठ मारली. ती गप्प झाली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काल झोपायच्या आधी बाही हातात घेतली. पहिली पट्टी लागली, दुसरी डाव्या हातातून निसटत राहिली. लेक दारात उभी होती, हात मागे बांधून. मीच तिला म्हटलं, "ये." तिनं मनगटापासून एकेक पट्टी लावत आणली. कोपराच्या वर आली तेव्हा मी म्हटलं, "इथं थोडी सैल कर."

तिनं लगेच केली. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.