बॉनेट बसत नव्हतं म्हणून

प्रिय उत्कर्षा,

अलकापुरीत, त्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये माझ्याकडे हात करून तू म्हणालीस, "मिकेनिक छे, ओळखीता छे," आणि तिथेच माझं सगळं उलटंपालटं झालं. ओळखीचा मेकॅनिक. तेही गुजरातीत. माझ्याशी तू कधी मराठीशिवाय बोलली नाहीस, भांडलीस तीसुद्धा मराठीतच. चार माणसांत मला परका करायला तुला एवढंच पुरलं. मग तो तुझा पृथ्वीराज, करजणचं स्थळ, पुढे आला आणि तोही गुजरातीतच म्हणाला, पीयूषभाई, जरा जोई आपो ने, म्हणजे बघून द्या ना. त्याला कुठे ठाऊक की हा भाई रेल्वे क्वार्टरमधला, घरी आमटीभात खाणारा. वर माणूस सभ्य निघाला. मोबाईलचा टॉर्च धरून माझ्याशेजारी वाकला, बाहीला ग्रीस लागलं तर हसला. हलकट असता तर मला किती सोपं गेलं असतं.

मी कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणालीस, डिग्री नसलेल्या मुलाचं नाव मी पप्पांपुढे कोणत्या तोंडाने काढू. त्यावर मी जे बोललो ते बोललो, परत घेत नाही. ज्या सरांनी मला भर वर्गात उभं करून 'तुमच्यासारख्यांनी' म्हटलं, त्यांच्या वर्गात पुन्हा बसणारा मी नव्हतो. मला हत्यारं कळतात, इंजिन कळतं, मामाचं गॅरेज होतं, मी तिथे गेलो. तुला मात्र ते कमी वाटलं आणि तू फोन बंद केलास. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, नवरात्र गेलं. पोलोग्राउंडला तू कोणाबरोबर गरबा खेळलीस ते मला इतरांकडून कळलं. आणि त्या रविवारी तुझं नाव स्क्रीनवर आलं ते कशासाठी, तर गाडीचं बॉनेट बसत नाहीये, अलकापुरीत ये, लगेच ये. मी हातसुद्धा न धुता वाडीतल्या गॅरेजमधून स्कूटर काढली. गजेंद्रमामा मागून ओरडत होता की निम्मं काम टाकून कुठे निघालास. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी तुला एक एक गोष्ट माफ करत आलो. मूर्ख.

येऊन बघतो तर तू जरीच्या साडीत, तुझ्या मंदाकाकूंच्या हातात मिठाईचा बॉक्स, आणि तुझे पप्पा दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबतायत, फुगलेली पोळी तव्यावर दाबावी तसे. काकूंनीच सांगितलं की जेवण झालं, आता सगळे करजणला निघालोय, मुलाकडचं घर बघायचं आणि तिथेच सुपारी फोडायची. सुपारी. मला स्कूटरवरून उतरल्या उतरल्या हे कळलं, आणि मग तुझं ते 'मिकेनिक छे'. त्यानंतर माझ्या डोक्याने काम केलं नाही, हातांनीच केलं. लॉकमध्ये तेल सोडलं आणि बॉनेट वरून आपटलं. ते उसळून वर आलं. पुन्हा आपटलं. तुझे पप्पा भर पार्किंगमध्ये कडाडले, "लक्ष्मी आहे ती, आपटतोस काय!" मी तिसऱ्यांदा आपटलं, खास त्यांच्यासाठी. नाहीच बसलं. मग स्कूटरच्या डिकीतून नायलॉनची दोरी काढली, बॉनेट जाळीला करकचून बांधलं. दोन दसऱ्यांपूर्वी घेतलेली, हळदीकुंकवाची ती गाडी नवरीच्या घरचं बोकड बांधावं तशी बांधली आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पप्पांनी विचारलं की हायवेला चालेल ना, करजणपर्यंत? तुला माहीत आहे, शुभकार्याला ते दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत. मी म्हटलं असतं की नाही, धोका आहे, तर सगळे तिथूनच घरी परतले असते. ते माझ्याकडे बघत होते आणि तूही बघत होतीस. मी तुझ्याकडे बघूनच तुझ्या त्याच गुजरातीत उत्तर दिलं, "चालशे. आरामथी जाओ." तुझा चेहरा पडला. मला वाटलं, दोरी बांधलेल्या गाडीतून सासरी जायची लाज वाटली महाराणीला. मी खूश होऊन घरी आलो आणि जेवलो नाही.

आज सकाळी तुझे पप्पा गाडी घेऊन इथे आले. साखरपुड्याच्या आधी बॉनेट नीट करून दे म्हणाले, संध्याकाळी उत्कर्षा येऊन घेऊन जाईल. चहा पिता पिता, नेमकं कशाने झालं हे त्यांनाच कळत नाही म्हणाले. घरून निघताना झाकण नीट होतं. हॉटेलात सगळे आइस्क्रीम खात होते, तू शाल आणायला एकटीच खाली गेलीस आणि येऊन सांगितलंस की जळल्यासारखा वास येत होता म्हणून बॉनेट उघडून बघितलं, आता लागत नाही. ते गेल्यावर मी कव्हर काढलं, लॉक काढलं, धुतलं, बसवलं. लॉक चोख. बिजागऱ्या चोख. मग पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या रबरी बटणांकडे लक्ष गेलं, ज्यांच्यावर बॉनेट टेकतं. दोन्ही वर आलेली. एरवी आत असणारे आटे बाहेर चकचकीत दिसत होते, बाकी सगळ्यावर धूळ. हादऱ्याने एखादं सैल होतं, दोन्ही सारखीच वर येत नाहीत. ती कोणीतरी बोटांनी फिरवली होती.

आणि ती फिरवतात हे त्या घरात कोणाला ठाऊक आहे? मागच्या वर्षी करजण रोडला चहाच्या टपरीपाशी आपण हीच गाडी थांबवली होती, बॉनेट थरथरत होतं म्हणून. मी तुझं बोट धरून ते रबर फिरवायला लावलं होतं. इकडे फिरवलं की उंच, तिकडे की खाली. जास्त उंच केलंस तर बॉनेट लागणारच नाही, हेही मीच सांगितलं होतं. आणि दाबायचं नसतं, पत्रा चेपतो, वीतभर वरून सोडून द्यायचं, ते आपल्या वजनाने बसतं, हे तू तिथे चार वेळा करून बघितलंस आणि टाळ्या वाजवल्यास. मग त्या रविवारी बाजूला उभी राहून तू पप्पांना दाबू का दिलंस, हे मला आज समजलं. तुला करजणला जायचं नव्हतं. तुला मेकॅनिक हवा होता, कारण त्या सगळ्यांत फक्त मेकॅनिकच्या शब्दावर गाडी थांबली असती. आणि मेकॅनिक म्हणाला, चालशे.

आता मी स्वतःला दोष देत बसेन अशी तुझी कल्पना असेल तर विसर. फोन तुझ्या हातात होता. 'ये' म्हणालीस तेव्हाच 'आणि नाही म्हण' एवढं म्हणायला काय होत होतं? पार्किंगमध्ये सगळ्यांच्या देखत मराठीत माझं नाव घेतलं असतंस तरी मी समजलो असतो. पण तुला पप्पांच्या नजरेत चांगलंही राहायचं होतं आणि लग्नही मोडायचं होतं, दुसऱ्याच्या तोंडून. तू रबर फिरवलंस, स्वतः गप्प राहिलीस, आणि वर मलाच कोडं घातलंस. मला असले निरोप कळत नाहीत, उत्कर्षा. माझ्याशी बोलावं लागतं.

हे पत्र म्हणूनच लिहिलंय, तुझ्या गाडीत स्टिअरिंगवर वही ठेवून. दोन्ही रबरं मी खाली केली आहेत आणि पक्की केली आहेत, बोटांनी फिरणार नाहीत. बॉनेट एका आवाजात बसतं. टायर, ब्रेक, पाणी, सगळं तपासलंय. साखरपुड्याला निघालीस तर ही गाडी करजणपर्यंत कुठेही अडणार नाही, तेवढं काम मी इमानदारीने केलंय. आता थांबवायची असेल तर ती तुलाच थांबवावी लागेल, पप्पांसमोर उभं राहून, मराठीत, माझं नाव घेऊन. तसं केलंस तर मी त्यांच्या पायरीवर येऊन उभा राहीन, मग ते काहीही बोलोत. नाही केलंस तर पुन्हा बॉनेट, क्लच, काहीही बिघडलं तरी मला फोन करू नकोस, बडोद्यात गॅरेजं पुष्कळ आहेत. तू संध्याकाळी येशील तेव्हा मी इथे नसेन. किल्ली मामाकडे आहे, पत्र तुझ्या सीटवर. मी उतरतोय आणि दार लावतोय. आपटूनच लावणार आहे, लक्ष्मी असली तरी.

तुझाच, अजून तरी,
पीयूष