भाव पाडण्याच्या नादात दोन शाळा

मुक्काम दर्यापुराजवळ,
पौष वद्य पंचमी, शके १७८८

राजमान्य राजेश्री महादेवराव मामा यांस खुशालरावाचा रामराम.

तुमची प्रकृती बरी असावी, बाळापूरची मंडळी खुशाल असावीत आणि तुमच्या गुडघ्याला तिळाचे तेल मानवले असावे. इकडे आमचे कुटुंब, म्हणजे तुमची बहीण कौशल्या, मजेत आहे (माझ्याशी बोलत नाही, पण बाकी सगळ्यांशी बोलते, त्यावरून मजेत असावी). म्हशीला पारडी झाली. माझीही तब्येत ठीक. तुम्ही पाठवलेले पागोटे पोहोचले. रंग झकास आहे. विणकराने सांगितले तेवढेच पैसे तुम्ही मुकाट्याने देऊन टाकलेत, असे निरोप्याकडून कळले, तेव्हा नेहमीप्रमाणे आम्ही सगळे तुम्हाला हसलो. मामा, जन्मात एकदा तरी 'महाग आहे' म्हणून पाहा, जीभ झडत नाही.

तर हकीकत अशी की, तुमचा भाचा चंद्रभान दर्यापूरच्या मराठी शाळेत होते नव्हते तेवढे शिकून बसला आहे. तिथल्या पंतोजींनी मला मुद्दाम बोलावून सांगितले की, पोरगा हुशार आहे, याला आता इंग्रजीच्या मोठ्या शाळेत घाला. सरकारने अशा शाळा नव्याने काढल्या, एक अकोल्यास, एक अमरावतीस, आणि आमचे गाव नेमके दोन्हींच्या मध्ये. एखादी जवळ असती तर बैलांनीच निकाल लावला असता. पोराला तर शाळेचा ध्यासच लागला होता. कापसाला सोन्याचे दिवस आल्यापासून आमच्याकडे कोण काय करील याचा नेम नाही (शेजारच्या नत्थुजीने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे केली, आता रात्री तो बैलांजवळच निजतो). सारा गाव विचारतो, कापूस कितीला गेला? चंद्रभान एकटाच विचारायचा, कापूस गेला कुठे? मी सांगायचो, अकोल्याहून आगगाडीने मुंबईला, तिथून जहाजाने विलायतेला. मग तो विचारायचा, विलायत कोणत्या बाजूला? मी मावळतीकडे हात करायचो. तिकडे नत्थुजीचा गोठा आहे.

आता माझी चूक समजायची तर तुम्हाला आधी आमचा बाजार समजला पाहिजे, आणि तो तुम्हाला कधीच समजला नाही. कापूस घेणारा माणूस मालाला कधी चांगला म्हणत नाही. ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस ओढून काढायचा, तोंड कडू करायचे आणि म्हणायचे, ओला आहे, कचरा फार आहे, धागा आखूड आहे. माल जितका मनात भरला, तितके तोंड जास्त कडू. विकणाराही हे जाणून असतो. नावे ठेवणारे गिऱ्हाईक पक्के, हे त्याला कळते, म्हणून तो मनातून खूश होतो. असा कापूस घेता घेता माझे केस पिकले. (आमच्या लग्नात तुमच्या घरच्या पुरणपोळीला 'जाड आहे' म्हणत मी किती खाल्ल्या, ते तुम्हीच वाढत होता म्हणून तुम्हाला ठाऊक.)

पहिल्यांदा पोराला घेऊन अकोल्यास गेलो. तिथले मोठे मास्तर पुण्याकडचे, अंगाने किडकिडीत, आणि बोलणे इतके मऊ की बोलतात की मनात म्हणतात ते कळू नये. त्यांनी हौसेने सगळे दाखवले. खोल्या उजेडाच्या, कपाटे पुस्तकांनी भरलेली, आणि भिंतीवर हा एवढा थोरला नकाशा. मास्तरांनी चंद्रभानला मुंबई दाखवली. त्याने तिथे बोट टेकवले आणि निळ्या पाण्यावरून हळूहळू सरकवत, एका भल्या मोठ्या मुलखाला वळसा घालून, पार वर विलायतेपर्यंत नेले. कापूस कुठे जातो ते त्याला सापडले होते. मामा, त्याचा चेहरा मी पाहिला आणि त्या घटकेला शाळा मला पसंत पडली. पसंत पडली म्हणूनच माझे तोंड कडू झाले. मी म्हणालो, "हा त रंगवलेला कागद हाये. याच्यात आमच्या गावाचं नावच नाई."

चंद्रभानने बोट काढून घेतले. मी आपला पुढे चालूच, की आगगाडीची शिट्टी ऐकू येते, पोरांचे लक्ष कसे लागेल, आणि इथले पाणी मचूळ लागते (दोन तांबे पिऊन झाल्यावर म्हणालो). मास्तर नुसते "बरं" म्हणाले.

मग अमरावतीस गेलो. दुसऱ्या दुकानाची बोली पहिल्याला आणि पहिल्याची दुसऱ्याला सांगितली की भाव उतरतो, हा बाजाराचा सरळ हिशेब. आता तुम्ही विचाराल, भाव पाडायचा तो कशाचा? फी तर सरकारने ठरवलेली. मामा, हे मला परतीच्या वाटेवर सुचले. तिथले मोठे मास्तर गोरेगोमटे, हसतमुख. इंग्रजी किती वर्षांत येईल ते चारचौघांत उघड विचारणे बरे नव्हे, म्हणून मी बाजारात गुपचूप भाव करायच्या आमच्या रीतीप्रमाणे त्यांचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटे दाबून विचारले. त्यांना वाटले मी नाडी दाखवतो आहे. त्यांनी मोठ्या काळजीने मला वैद्याचे घर सांगितले. तिथली मुले एका सुरात काहीतरी इंग्रजी म्हणत होती, ऐकून मला तिथून हलावेसे वाटेना. म्हणून मी म्हणालो की पोरे फार ओरडतात, बाके अरुंद आहेत, याहून अकोल्याची शाळा बरी. मास्तर हसून म्हणाले, "मग आपण मुलाला अकोल्यासच घाला. आमचा आग्रह नाही."

'आग्रह नाही' असे मला आजवर कोणी विकणारा म्हणालेला नाही. मी रीतीप्रमाणे उठलो आणि सावकाश निघालो. बाजारात असे निघाले की मागून हाक येते. मी बैल सोडून पुन्हा जुंपले, चाकाला तेल घातले, बैलांना पाणी पाजले. हाक आली नाही. चंद्रभान गाडीत बसून शाळेकडे पाहत होता, आणि मी त्याला हळूच म्हणालो, पाठीमागं पाहू नको, भाव चढतो.

घरी येऊनही माझे तोंड थांबले नाही. जो येईल त्याला दोन्ही शाळांची उणी सांगायची. खरे तर मनात दोन्ही भरल्या होत्या, आणि दोन्हीकडे पोरगा घराबाहेर जाणार हेही मनात होते. मी नावे ठेवत होतो तोवर तो घरी होता. शेवटी एके दिवशी मन घट्ट केले, त्याला बोलावले आणि म्हणालो, सांग, कुठं जातोस? तर तो म्हणाला, "राहू द्या बाबा. तुमीच त म्हनता, दोनी शाळेत काई दम नाई. मले नाई जाचं."

मामा, मला क्षणभर आनंद झाला, याची मला फार लाज वाटते. तेव्हापासून तो कापसाच्या ढिगापाशी बसतो आणि मूठभर काढून तोंड कडू करतो, अगदी माझ्यासारखे. परवा अकोल्याला गाड्या भरून गेल्या. तो कुठे जातात म्हणून विचारील, याची मी वाट पाहिली. त्याने भाव विचारला. कौशल्या आतून ऐकत होती. ती माझ्याशी शेवटचे बोलली ते तेव्हाच: "तुमी त्याले शाळा कुठं दाखवली? आपलं तोंडच दाखवलं."

असो. पत्राचे कारण विशेष काही नाही, पागोटे पोहोचले एवढेच कळवायचे होते. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला जपावे.

आपला,
खुशालराव

ता. क. पत्राचे कारण आहे. गुडघा कसाही असो, तुम्ही या. चंद्रभानचे 'नाही' हे खरे आहे की माझ्याकडून शिकलेले, ते मला ओळखता येत नाही. जन्मभर लोकांचे खोटे 'नाही' ओळखले, आणि घरच्या पोराचे ओळखता येईना. तुम्हाला भाव करता येत नाही, म्हणून तुमच्याशी तो खरे बोलेल. त्याला जायचे असेल तर घेऊन जा, तो बोट दाखवील त्या शाळेत घाला.

ता. क. दुसरा. मी आडवा येईन. पाणी मचूळ आहे, पोरगा लहान आहे, असे काहीबाही बोलेन. माझे ऐकू नका. गाडी जुंपून ठेवायला मी आजच सांगितले आहे.

ता. क. तिसरा. पत्र मिटत होतो, तेवढ्यात चंद्रभान जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "मामाच्या बाळापूरले जायले अकोल्यावरूनच जा लागते काय?" मी विचारले, काहून रे? म्हणाला, "काई नाई, सहजच." मामा, ज्याला माल हवाच असतो, तो आमच्या बाजारात सहजच विचारतो. लवकर निघा.